पडदा रुंद झाला, पण चित्र मोठं झालं का?

मॉलमधल्या थिएटरात जाहिराती चालू असताना पडदा काठोकाठ भरलेला असतो. राष्ट्रगीत होतं, सगळे खाली बसतात आणि पिक्चर सुरू होतो. त्याच क्षणी पडद्याच्या वर एक काळा पट्टा येतो, खाली दुसरा येतो आणि उरलेल्या मधल्या जागेत सिनेमा चालू लागतो. ज्याच्या भव्यतेसाठी तिकीट काढलं तो सिनेमा आधीच्या साबणाच्या जाहिरातीपेक्षा लहान दिसतो. बहुतेकांना वाटतं, ही दिग्दर्शकाचीच निवड असेल.

चांगल्या जुन्या टॉकीजमध्ये याच वेळी नेमकं उलटं व्हायचं. फिल्म्स डिव्हिजनचा माहितीपट संपायचा, ऑपरेटर प्रोजेक्टरची लेन्स बदलायचा, दोन्ही बाजूंची काळी कापडं सरकत बाहेर जायची आणि पडदा डावी-उजवीकडे वाढत जायचा. उंची तेवढीच राहायची, रुंदी वाढायची. दोन्हीकडे दाखवला जाणारा सिनेमा एकाच मापाचा असतो. फरक पडतो तो हॉलमुळे. वाइडस्क्रीनचा, म्हणजे रुंद पडद्याच्या सिनेमाचा, सगळा इतिहास मला याच एका गोष्टीभोवती फिरताना दिसतो: रुंदी फिल्मवर ठरते, पण ती प्रेक्षकाला मिळते की नाही हे हॉल ठरवतो. नागपूरसारख्या शहरात, जिथे व्हेरायटी चौक, अलंकार टॉकीज, जानकी टॉकीज, आनंद टॉकीज, सुदामा टॉकीज ही नावं पत्ता सांगताना अजूनही तोंडात येतात, तिथे ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी.

आधी मापं पाहू. सिनेमाची नेहमीची फिल्म ३५ मिलिमीटर रुंद. दोन्ही कडांना भोकं, आणि एका चित्रामागे चार भोकं. मूकपटांच्या काळात चित्राची रुंदी उंचीच्या १.३३ पट होती. आवाज आला तेव्हा ध्वनिपट्टीला कडेला जागा द्यावी लागली. मग १९३२ मध्ये हॉलिवूडने १.३७ हे प्रमाण पक्कं केलं आणि जगभर तेच चाललं. आपले जुने कृष्णधवल सिनेमे याच जवळजवळ चौकोनी आकारातले आहेत. जुन्या टीव्हीचा आकारही यावरूनच आला.

आता २० फूट उंचीचा पडदा डोळ्यांसमोर आणा. १.३७ चा सिनेमा त्यावर सुमारे २७ फूट रुंद दिसेल. पुढे आलेल्या १.८५ या प्रमाणाला ३७ फूट लागतील. ऑपरेटर लोक याला 'फ्लॅट' म्हणतात. सिनेमास्कोप म्हणजे 'स्कोप', त्याचं प्रमाण २.३५. त्याला ४७ फूट लागतील. २७, ३७ आणि ४७ हे तीन आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

रुंदीची ओढ सुरू झाली अमेरिकेत, आणि तिचं कारण टीव्ही होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे घरोघरी टीव्ही आले आणि थिएटरं ओस पडू लागली. घरात जे मिळूच शकत नाही ते द्यायचं, तर डोळ्यांत न मावणारं चित्र द्यायचं, असा विचार झाला. ३० सप्टेंबर १९५२ ला न्यू यॉर्कमध्ये 'सिनेरामा' दाखवला गेला. फ्रेड वॉलर या संशोधकाची ती कल्पना. युद्धाच्या काळात त्याने विमानातल्या तोफचालकांना नेमबाजी शिकवण्यासाठी अनेक प्रोजेक्टरांचं एक यंत्र बनवलं होतं, त्यातूनच हे पुढे आलं. कॅमेऱ्यात तीन फिल्मा एकाच वेळी चालायच्या. थिएटरात तीन केबिनांमधून तीन प्रोजेक्टर एका खोलगट, वळलेल्या पडद्यावर तीन तुकडे शेजारी शेजारी टाकायचे. चित्र १४६ अंशांपर्यंत पसरायचं. पडदा अखंड नव्हता, शेकडो उभ्या पट्ट्यांचा होता. अखंड पडदा इतका वळवला तर एका टोकाचा उजेड दुसऱ्या टोकावर पडतो आणि चित्र फिकट होतं, म्हणून ही योजना. सात ट्रॅकची, म्हणजे आवाजाच्या सात वेगळ्या पट्ट्यांची, चुंबकीय फिल्म वेगळीच चालायची.

कडेकडेने दिसणाऱ्या चित्राने माणूस इतका का हलतो? समोरचं बारीक काम आपण नजरेच्या मधल्या भागाने पाहतो. आपण हललो की जग हललं, हे ओळखण्याचं काम मात्र मुख्यतः नजरेच्या कडा करतात. गांधीसागरजवळच्या रमण विज्ञान केंद्रातल्या तारांगणात मान मागे टाकून बसलं आणि घुमटावरचं आकाश फिरू लागलं की खुर्चीच फिरतेय असं क्षणभर वाटतं. सिनेरामाने हाच परिणाम वापरला.

पण सिनेरामा परवडणारा नव्हता. तीन केबिना, जास्तीची माणसं, तीन चित्रांच्या जोडावर दिसणाऱ्या रेषा, आणि एक फिल्म तुटली की तिन्ही पुन्हा जुळवायचा व्याप. मोजक्या शहरांतल्या मोजक्या हॉलांपलीकडे तो गेला नाही. प्रश्न असा उरला, की जी हजारो साधी थिएटरं आहेत, ज्यांच्याकडे ३५ मिमीचे दोन प्रोजेक्टर आहेत, त्यांना रुंद चित्र कसं द्यायचं?

याचं उत्तर आधीपासून फ्रान्समध्ये पडून होतं. आंरी क्रेतियँ या खगोलशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात 'हायपरगोनार' नावाची लेन्स बनवली होती. तिचं तत्त्व घरातल्या स्टीलच्या ग्लासात दिसतं. उभ्या ग्लासात चेहरा पाहिला तर तो चिंचोळा दिसतो, उंची मात्र जवळपास तशीच राहते. ग्लास आडव्या दिशेने वळलेला आहे, उभ्या दिशेने सरळ आहे. क्रेतियँची लेन्स अशीच एका दिशेने वळलेली होती. कॅमेऱ्यावर लावली की रुंद दृश्य निम्म्या रुंदीत दाबून साध्या ३५ मिमी फिल्मवर बसायचं. त्या फिल्मवरचे लोक काठीसारखे बारीक दिसतात. प्रोजेक्टरवर तशीच लेन्स लावली की चित्र पुन्हा दुप्पट पसरतं आणि माणसं मूळ रूपात येतात. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स कंपनीने हे हक्क घेतले, त्याला सिनेमास्कोप नाव दिलं, आणि सप्टेंबर १९५३ मध्ये न्यू यॉर्कच्या रॉक्सी थिएटरात 'द रोब' हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट लागला.

थिएटरमालकासाठी हे फार सोपं होतं. प्रोजेक्टर तेच, ऑपरेटर तेच. त्या काळी दोन प्रोजेक्टर आळीपाळीने चालत. एकावरचं सुमारे वीस मिनिटांचं रीळ संपत आलं की दुसरा सुरू करायचा. म्हणून स्कोपच्या दोन लेन्स घ्यायच्या, प्रोजेक्टरमधल्या चौकटीची पट्टी बदलायची आणि पडदा मोठा लावायचा. अडचण आली ती आवाजाची. फॉक्सला चार ट्रॅकचा चुंबकीय आवाज हवा होता, त्यासाठी फिल्मची भोकंही लहान केली गेली आणि चित्राचं प्रमाण २.५५ ठेवलं गेलं. छोट्या मालकांनी एवढा खर्च नाकारला. मग वर्षभरातच साधी ध्वनिपट्टी परत आली, चित्राची एक कड तिने खाल्ली आणि प्रमाण २.३५ झालं. स्कोपचा आकार कलेच्या हिशोबातून ठरला असं वाटतं, पण तो बऱ्याच अंशी थिएटरमालकांच्या खिशाने ठरवलेला आहे.

सुरुवातीच्या लेन्समध्ये एक दोषही होता. कॅमेरा जवळ गेला की मधल्या भागाचं दाबणं कमी पडायचं, आणि पडद्यावर नट-नट्यांचे चेहरे फुगलेले दिसायचे. हॉलिवूडवाले त्याला गालगुंडच म्हणत. म्हणून सुरुवातीच्या स्कोप सिनेमांत जवळून घेतलेले चेहरे कमी आहेत, सगळे लोक ओळीने उभे राहून बोलताना दिसतात. पॅनाव्हिजन कंपनीने हा दोष काढणाऱ्या लेन्स बनवल्या आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत सिनेमास्कोपच्या मूळ लेन्स मागे पडल्या.

पॅरामाउंट कंपनीने १९५४ मध्ये 'व्हिस्टाव्हिजन' आणलं, त्यात फिल्म कॅमेऱ्यात आडवी चालायची. काही कंपन्यांनी तर फक्त चौकटीची पट्टी बदलून साध्या चित्राचा वरचा आणि खालचा भाग झाकला आणि त्याला वाइडस्क्रीन म्हटलं. आजचं १.८५ हे प्रमाण तिथूनच आलं. हा मार्ग सगळ्यांत स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यांत कंजूष. फिल्मवर १.३७ चं चित्र सुमारे २१ बाय १५.३ मिमी असतं, ते झाकून २१ बाय ११.३ केलं की चौथा हिस्सा चित्र वाया जातं. स्कोपची चौकट मात्र २१ बाय १७.५ मिमी, म्हणजे फिल्मचा जवळजवळ पुरेपूर वापर. म्हणूनच जुने लोक सांगतात की स्कोपची चांगली प्रिंट फ्लॅटपेक्षा स्वच्छ दिसायची. त्यामागे हा साधा हिशोब आहे.

भारतात रुंद पडदा आला तो टीव्हीच्या भीतीने नव्हे. दिल्लीत १९५९ मध्ये टीव्हीचं प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झालं, मुंबईत टीव्ही यायला १९७२ उजाडलं, आणि रंगीत टीव्ही आला १९८२ च्या एशियाडच्या वेळी. म्हणजे आपल्याकडे सिनेमाला घरातला स्पर्धक नसतानाच रुंदी आली. ती आली हौसेने आणि काही माणसांच्या जिद्दीने. १९५९ मध्ये गुरुदत्त यांनी 'कागज़ के फूल' स्कोपमध्ये काढला, हा पहिला भारतीय सिनेमास्कोप चित्रपट. छायाचित्रण व्ही. के. मूर्ती यांचं. तो रंगीत नव्हता, कृष्णधवल होता, आणि मला वाटतं त्यामुळेच रुंदीचा उपयोग तिथे इतका उठून दिसतो. रिकाम्या स्टुडिओत एका कोपऱ्यात माणूस आणि उरलेली सगळी चौकट अंधार आणि उजेडाने भरलेली. ४७ फुटांचा पडदा एकटेपणासाठीही वापरता येतो हे या सिनेमाने दाखवलं. सिनेमा चालला नाही, आणि हिंदीत स्कोप नेहमीचा व्हायला त्यानंतर वीसेक वर्षं गेली. दक्षिणेत तमिळमध्ये १९७३ ला, तेलुगूत १९७४ ला पहिले स्कोप सिनेमे आले. मराठीत महेश कोठारे यांचा 'धडाकेबाज' १९९० मध्ये स्कोपमध्ये आला. मराठी निर्मात्याच्या हातात किती कमी पैसा असायचा हे या तारखांच्या अंतरातून कळतं.

आता ७० मिमी. हे नाव पोस्टरवर मोठ्या अक्षरात असायचं, आणि त्याबद्दल गैरसमजही तेवढेच आहेत.

अमेरिकेत १९५५ मध्ये 'टॉड-एओ' पद्धत आली. कॅमेऱ्यात ६५ मिमी रुंद फिल्म, एका चित्रामागे पाच भोकं. थिएटरात जाणारी प्रिंट ७० मिमीची, कारण जास्तीच्या ५ मिमीत आवाजाच्या चुंबकीय पट्ट्या बसवायच्या. सहा ट्रॅक: पाच पडद्यामागच्या स्पीकरांना, एक हॉलभर पसरलेल्या स्पीकरांना. चित्राचं प्रमाण २.२०, म्हणजे स्कोपपेक्षा किंचित कमी रुंद. पण फिल्मवरचं चित्र ४८.५ बाय २२ मिमी. त्याचं क्षेत्रफळ स्कोपच्या चौकटीच्या जवळजवळ तिप्पट भरतं. ७० मिमीची सगळी ताकद या तिपटीत आहे.

भारतात या आकाराचा पहिला सिनेमा म्हणून राज कपूर नायक असलेल्या 'अराउंड द वर्ल्ड' (१९६७) चं नाव घेतलं जातं. पण लोकांच्या मनात ७० मिमी बसवलं 'शोले'ने, १५ ऑगस्ट १९७५ ला. आणि 'शोले' ७० मिमीवर चित्रित झालेलाच नव्हता. रमेश सिप्पी आणि छायाचित्रकार द्वारका दिवेचा यांनी तो ३५ मिमीवर घेतला. चित्रीकरण करतानाच रुंद चौकटीच्या खुणा समोर ठेवल्या, म्हणजे नंतर वरचा आणि खालचा भाग कापला तरी कुणाचं डोकं जाणार नाही. मग लंडनमध्ये तो मोठा करून ७० मिमीच्या प्रिंट काढल्या आणि सहा ट्रॅकचा आवाज चढवला.

यावर कुणी म्हणेल, ही फसवणूकच झाली, ३५ मिमीमध्ये जो तपशील नाही तो ७० मध्ये कुठून येणार? तपशील वाढत नाही हे खरं आहे. वाढतो तो उजेड. दिव्याचा उजेड फिल्मच्या चौकटीतून पुढे जातो. चौकट लहान असेल आणि दिवा प्रखर केला तर फिल्म तापते, वळते, फोकस जातो. चौकट तिप्पट झाली की तेवढ्याच तापमानाला कितीतरी जास्त उजेड पडद्यापर्यंत पोचतो. त्यातच चित्र कमी पटींनी मोठं करावं लागतं, त्यामुळे प्रोजेक्टरच्या थरथरीचा परिणामही कमी होतो. हजार-बाराशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये, प्रचंड पडद्यावर, हा फरक पहिल्या मिनिटाला डोळ्यांना कळतो. आणि आवाज! साध्या ध्वनिपट्टीवर घरघर असायची, उंच आणि खोल सूर दबायचे. चुंबकीय सहा ट्रॅकवर पडद्याच्या डाव्या टोकाला निघालेला घोडा उजव्या टोकापर्यंत कानांनी ऐकू जायचा. पुढे १९९२-९३ मध्ये डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस या डिजिटल आवाजाच्या पद्धती आल्या, तसाच आवाज ३५ मिमीवर मिळू लागला, आणि महागडी ७० मिमी प्रिंट काढण्याचं मोठं कारणच संपलं.

ही प्रिंट सगळीकडे पोचत नसे. तिला ३५ आणि ७० दोन्ही चालवणारा प्रोजेक्टर लागे, वेगळ्या लेन्स लागत, चुंबकीय आवाजाची यंत्रणा लागे, पाच-सहा जास्तीचे स्पीकर लागत आणि अर्थात पडद्याला जागा लागे. त्यामुळे मोठ्या सिनेमाच्या ७० आणि ३५ अशा दोन्ही प्रिंट निघत. इथे नागपूरची व्यवहाराची बाजू समजून घ्यावी लागते. देशाचे चित्रपट-वितरणासाठी भाग पडलेले आहेत आणि ते राज्यांच्या आजच्या सीमा पाळत नाहीत. नागपूर १९५६ पर्यंत आधी मध्य प्रांताची आणि मग जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, पुढे महाराष्ट्रात आलं, पण सिनेमाच्या धंद्यात विदर्भ 'सीपी-बेरार'मध्येच, म्हणजे जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडच्या भागातच राहिला. मुंबई आणि पुण्याचा भाग वेगळा, नागपूरचा वेगळा. वितरकांची ऑफिसं अमरावतीत, मध्य भारतातल्या वितरक-प्रदर्शकांच्या सेंट्रल सर्किट सिने असोसिएशनचं कार्यालय भुसावळला. प्रिंटा मोजक्या असत. रिळांच्या पत्र्याच्या पेट्या रेल्वेने आणि एसटीने एका गावाहून दुसऱ्या गावी फिरत, आणि जिथे आधी पैसा वसूल होईल तिथे पेटी आधी जाई. नागपूरला नवी कोरी प्रिंट मिळायची, तीच काही महिन्यांनी तालुक्याच्या गावी ओरखड्यांसह पोचायची. रुंद पडदा शहरात आधी आणि गावात उशिरा येण्यामागे प्रेक्षकांच्या आवडीचा संबंध फारसा नव्हता, पेटीच्या प्रवासाचा होता.

आता हॉलकडे येऊ, कारण खरी लढाई इथेच व्हायची.

जुन्या अनेक टॉकीज नाटकाच्या थिएटरसारख्या बांधलेल्या होत्या. समोर रंगमंचाची कमान, तिच्यामागे पडदा. कमानीची रुंदी १.३७ च्या चित्राला पुरेशी असे. सिनेमास्कोप आल्यावर मालकापुढे दोनच वाटा उरल्या. एक, कमान फोडून किंवा कमानीच्या पुढे नवा पडदा उभारून रुंदी मिळवायची. दुसरी, कमानीएवढीच रुंदी ठेवून चित्राची उंची कमी करायची. समजा कमानीने २७ फूटच दिले, तर स्कोपचं चित्र जेमतेम साडेअकरा फूट उंच बसणार. २० फूट उंच जुना सिनेमा दाखवणाऱ्या पडद्यावर हे चित्र एखाद्या फितीसारखं दिसतं. वाइडस्क्रीनने ज्यांना कमी चित्र दिलं असे प्रेक्षक तेव्हाही होते.

प्रोजेक्टरची केबिन बाल्कनीच्या वर, छताजवळ. तिथून किरण खाली तिरका येतो, त्यामुळे चित्राचा तळ माथ्यापेक्षा रुंद होतो. चौकोनी चित्रात हे लपतं, ४७ फुटांत लपत नाही. पडदा वळवलेला असेल तर क्षितिजाची रेषा मध्यभागी खाली झुकते. काळ्या कापडाची मास्किंग चित्राच्या कडांवर थोडी चढवून चांगले मालक हे झाकून घेत. ज्या टॉकीजमध्ये कापड मळकं, ढिलं किंवा एकाच जागी खिळलेलं असे, तिथे जुन्या सिनेमांतल्या नायिकांच्या केसांतली फुलं कापली जात आणि स्कोपमधल्या बाजूच्या नटाचा अर्धा चेहरा भिंतीवर पडे. मास्किंग हलवणारा माणूस कुणाच्या लक्षात राहिला नाही. पण थिएटर चांगलं की वाईट हे ठरवण्यात त्याचा वाटा मोठा होता, असं मी मानतो. ऑपरेटरचाही. उन्हाळ्यात बाहेर ४५ अंश तापमान असताना प्रोजेक्टरच्या उजेडासाठी कार्बनच्या काड्या जळणाऱ्या केबिनमध्ये तीन तास उभं राहून, काड्यांमधलं अंतर सतत राखत, दर वीस मिनिटांनी प्रोजेक्टर बदलत, लेन्स आणि चौकट न चुकता बसवणं हे कष्टाचं आणि कौशल्याचं काम होतं. पुढे झेनॉनचे दिवे आले, तेव्हा त्यातला थोडा ताप कमी झाला.

आणि उष्णता फक्त माणसाला छळत नव्हती. ॲसिटेट फिल्म उष्ण, दमट हवेत कुजते, तिला व्हिनेगरसारखा वास येऊ लागतो, ती आक्रसते. 'शोले'ची मूळ निगेटिव्ह अशीच खराब झाली, ७० मिमीच्या प्रिंटही उरल्या नाहीत. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने इतर साहित्यावरून तो दुरुस्त करून २.२० च्या मूळ रुंदीत आणला आणि २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्या शहरातल्या महोत्सवात दाखवला.

नव्वदच्या दशकात केबल टीव्ही आला आणि स्कोप सिनेमांचे दोन्ही कान कापले गेले. चौकोनी टीव्हीवर रुंद चित्र भरायचं म्हणून कडा सोडून दिल्या जायच्या. दोन माणसं समोरासमोर बोलतायत, आणि दिसतंय मधलं फुलदाणीचं टेबल. एका अख्ख्या पिढीने हे सिनेमे असे पाहिले.

नंतरची गोष्ट थोडक्यात सांगता येते. राज्याने मल्टिप्लेक्सना मनोरंजन करात सवलत दिली, मॉल आले. जमशेटजी टाटांनी नागपुरात १८७७ मध्ये सुरू केलेली एम्प्रेस मिल बंद पडली आणि तिच्या जागेवर मॉल आणि मल्टिप्लेक्स उभं राहिलं. सिनेमा फिल्मऐवजी फाइल बनून येऊ लागला, उपग्रहावरून किंवा हार्ड डिस्कवरून. पेटीची वाट पाहणं संपलं. नागपूर, गोंदिया आणि मुंबईत एकाच शुक्रवारी एकाच प्रतीचा सिनेमा लागू लागला, ओरखड्यांशिवाय. हा फार मोठा फायदा आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे.

पण रुंदीचं काय झालं? एका मजल्यावर चार-पाच स्क्रीन शेजारी शेजारी बसवायचे तर प्रत्येक खोली अरुंद होते. पायऱ्यांच्या आसनव्यवस्थेमुळे उंची भरपूर मिळते. म्हणून देशभर बऱ्याच ठिकाणी भिंतीपासून भिंतीपर्यंत १.८५ च्या जवळपासचा पडदा लावला जातो. मास्किंग हलवायला मोटर लागते, माणूस लागतो, ते वगळलं जातं. मग आपलं २० फुटांचं उदाहरण असं दिसतं: फ्लॅट सिनेमा ३७ बाय २०, म्हणजे ७४० चौरस फूट. स्कोप सिनेमाला रुंदी तीच ३७, उंची १५.७, म्हणजे सुमारे ५८० चौरस फूट. जुन्या रुंद हॉलमध्ये हाच स्कोप ४७ बाय २०, म्हणजे ९४० चौरस फूट भरला असता. जो आकार मोठा दिसण्यासाठी जन्माला आला तो फ्लॅटपेक्षाही लहान होऊन बसला.

डिजिटल प्रोजेक्टरच्या आतही हेच घडतं. '२के' या डिजिटल मापाच्या चित्रात २०४८ बाय १०८० बिंदू असतात. फ्लॅट सिनेमा त्यातले १९९८ बाय १०८० वापरतो. स्कोप वापरतो २०४८ बाय ८५८, म्हणजे उंचीतले पाचव्या हिश्शाहून जास्त बिंदू काळे राहतात. फिल्मवर स्कोपला जास्त जागा मिळायची, डिजिटलमध्ये कमी मिळते. शिवाय काळे पट्टे मास्किंगच्या कापडासारखे काळे नसतात, करडे दिसतात, आणि अंधारातल्या दृश्यांत ते फार खटकतात.

म्हणून तिकीट काढताना दोन गोष्टी पाहाव्यात. सिनेमा स्कोपमध्ये असेल तर त्याच मल्टिप्लेक्समधला जास्त रुंद पडदा कोणता, हे एकदा डोळ्यांनी पाहून ठेवावं. सगळे स्क्रीन सारखे नसतात, काही ठिकाणी एखादा पडदा खरोखर स्कोपच्या आकाराचा असतो. शहरात उरलेल्या एक-पडदा टॉकीजपैकी जिथे चित्र स्वच्छ आणि पडदा रुंद आहे तिथेही जावं. आणि जुना १.३७ चा सिनेमा पुन्हा लागला तर त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला काळी जागा दिसायलाच हवी. ती न दिसता पडदा भरलेला असेल, तर चित्र वरून आणि खालून कापलेलं आहे किंवा ताणलेलं आहे. व्यवस्थापकाला जाऊन तसं सांगावं.

दुसरी गोष्ट रांगेची. ४७ फुटांच्या पडद्यापासून ६० फुटांवर बसलं तर चित्र आपल्या नजरेचे सुमारे ४३ अंश व्यापतं. ३७ फुटांच्या पडद्यापासून ७० फुटांवर, म्हणजे मागच्या महागड्या खुर्च्यांत बसलं, तर ३० अंशही भरत नाहीत. घरातला ५५ इंची टीव्ही दहा फुटांवरून २२-२३ अंश भरतो, म्हणजे फरक फारसा उरत नाही. तोच ३७ फुटांचा पडदा ४७ फुटांवरून पाहिला की पुन्हा ४३ अंश मिळतात. रांगांमध्ये साधारण चार फूट अंतर धरलं तर शेवटच्या रांगेपासून पाच-सहा रांगा पुढे यायचं. मोजपट्टी न्यायची गरज नाही. हात सरळ पुढे करून मूठ धरली की ती साधारण १० अंश झाकते. खुर्चीत बसून मुठी शेजारी शेजारी मोजाव्यात, पडद्याच्या रुंदीत चार बसल्या तर जागा बरोबर आहे.